विलायती तेलाचा वाफारा

रत्नागिरी,
वैशाख वद्य पंचमी

प्रिय काशी,

तुझ्या यजमानांनी मुंबईहून, त्यांच्या औषधाच्या दुकानातून धाडलेली लॅव्हेंडरच्या तेलाची दुसरी बाटली पोचली. सासूबाई त्याला विलायती तेल म्हणतात. थंडीच्या दिवसांपासून त्यांचं नाक चोंदलेलं, भुवयांवर ठणका. रात्र रात्र भिंतीला टेकून बसायच्या. "आईला बरं वाटलं की तुला नेतो," एवढं सांगून हे मुंबईला गेले, म्हणून मी त्या तेलावर सारी भिस्त ठेवली. तपेलीत उकळतं पाणी, त्यात चार थेंब, वर घोंगडी. आत त्यांचं डोकं, बाहेरून घोंगडी धरून मी. तो अनोळखी वास माजघरात पसरला की मला ह्यांची गिरगावातली न पाहिलेली खोली दिसायची.

हळूहळू त्या आडव्या होऊन झोपू लागल्या, घोरूही लागल्या. पण विचारलं की उत्तर ठरलेलं, "नाही गो, अजून बंदच."

परवा मी विहिरीवर होते, चुलीवर भात. आतल्या खोलीतून त्या ओरडल्या, "अगो मथुरा, भात करपतोय!" धावत येऊन तपेली उतरवली आणि त्यांच्या दारात उभी राहिले. बंद नाकाला करपल्याचा वास आला कसा? त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

इतका राग आला, काशी, की दुपारी मी जेवले नाही. संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखा वाफारा मागितला. मी दिला. घोंगडीच्या आतून आवाज आला, "तू गेलीस की ह्या घरात मी हाक कोणाला मारू?" मला रागावताही येईना.

काल त्यांनी मला ह्यांना पत्र लिहायला बसवलं. "लिही, नाक अजून सुटलं नाही." तसंच लिहिलं. सासूबाईंनी शेजारच्या सखारामभावोजींकडून वाचून घेतल्याशिवाय माझं पत्र टपालात पडत नाही. हे पत्र मात्र आमच्या गड्याच्या, धाकूच्या हाती गुपचूप देते आहे. समोर त्या आमसुलांसाठी रातांबे फोडताहेत. "काय लिहितेस?" म्हणाल्या. काशीकडून तेल मागवते, असं सांगितलं.

तेल नको, काशी. तू ह्यांना गाठ आणि सांग, आई बऱ्या आहेत. पावसामुळे बोटी बंद व्हायच्या आत या आणि दोघींना न्या. मला एकटीला न्यायला आलात, तर माझं पाऊल उंबऱ्याबाहेर पडणार नाही.

तुझीच,
मथुरा