दत्ताचं कुलूप

सोम., १० नोव्हें.
लाल कुलपं आली एकदाची. माणशी एक, वर नाव. आता मशीनमध्ये हात घालणाऱ्या प्रत्येकाने मेन स्विच बंद करून त्यावर स्वतःचं कुलूप लावायचं, चावी स्वतःजवळ. शेवटचं कुलूप निघेपर्यंत स्विच वर जाणार नाही. दुसरी चावी जागच्या जागी मोडायची, म्हणजे दुसऱ्या कुणाला उघडता येऊ नये. सगळ्यांनी मोडली. दत्ता म्हणाला, मोडतो उद्या. आणि कुलूप तंबाखूच्या डबीशेजारी ठेवून दिलं.
"तुझा कुलूप हा ना? मगे माका कित्याक होया?"
याला काय सांगणार! चिंचपोकळीच्या चाळीत आमची भिंतीला भिंत, लोअर परळच्या या टॉवरमध्येही एकाच बेसमेंटला कामाला. बाकी दिवस छान. घरी सुमनच्या हातचे बांगडे.

गुरु., १३ नोव्हें.
दुपारी मला नि दत्ताला एसीच्या मोठ्या पंख्याचा पट्टा बदलायचा होता. स्विचवर कुलूप एकट्या माझं. पट्टा बसला, म्हणून मी वर स्विचपाशी आलो. एवढ्यात दुसऱ्या पाळीचे शेट्ये आले. सातव्या मजल्यावरून फोनवर फोन, गरम होतंय. मी कुलूप काढलं. शेट्यांचा हात स्विचवर. मी सवयीने हाक मारली, "दत्ता!" उत्तर नाही. शेट्यांना थांबवून खाली पाहिलं, तर दत्ता खांद्यापर्यंत पंख्याच्या पेटीत. पाना आत पडला होता म्हणे. कानात मोबाइलचं भजन.
बाहेर आला तो हसत. मी सगळ्यांदेखत वाटेल ते बोललो. घरी वेगवेगळे आलो.

शुक्र., १४ नोव्हें.
दत्ता बोलत नाही. चहालाही आला नाही. त्याच्या खोलीची चावी मात्र आमच्या दाराच्या खिळ्यावर नेहमीसारखी. सुमनने विचारलं, काय बोललात त्याला? सांगितलं. म्हणाली, बोललात ते बरोबर, पण चारचौघांत कशाला. खरं आहे. पण त्या वेळी दुसरं काही सुचेना...

सोम., १७ नोव्हें.
दत्ताला गॅलरीत गाठलं. आधी त्याच्या लेकीच्या परीक्षेचं बोललो, मग मुद्द्यावर. तू आत आहेस हे मी विसरलो तर, असं विचारलं.
"तू विसरशीत? माझ्या चेडवाचो वाढदिवस तुका लक्षात रवता."
"दत्ता, गुरुवारी विसरलोच होतो. कुलूप लाव म्हणतो ते तुझ्यावर भरवसा नाही म्हणून नाही रे. माझा माझ्यावर नाही."
त्याने तंबाखू पुढे केली. मी खात नाही, हे त्याला ठाऊक आहे. तरी चिमूटभर घेतली.

बुध., १९ नोव्हें.
लावलं! दत्ताने, स्वतःच्या हाताने. चावी खिशातून पडेल म्हणून कमरेच्या करगोट्याला बांधलीय. दर वेळी शर्ट वर, पोट बाहेर, मग चावी. आमच्या इंजिनिअर बाई भिंतीकडे तोंड करून हसत होत्या.
काम आटोपल्यावर मी माझं कुलूप काढलं, शेट्ये स्विचपाशी उभे, पण दत्ताचं कुलूप जागेवर. दत्तासाहेब सावकाश बाहेर आले, हात धुतले, चहा मागवला, मग शर्ट वर. सातवा मजला बसला घामाघूम. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! येताना दोघांसाठी भजी घेतली.

गुरु., २० नोव्हें.
संध्याकाळी दाराच्या खिळ्यावर पाहिलं. दत्ताच्या खोलीच्या चावीशेजारी एक बारीक नवी चावी. सुमनला विचारलं.
"दत्ताभाऊ अडकवून गेले. म्हणाले, कुलपाची दुसरी चावी शेजारी असलेली बरी."
त्या लाल कुलपाची. मोडलीच नव्हती. आणि ठेवली कुणाकडे, तर त्या दिवशी तो आत असताना ज्याने कुलूप काढलं त्याच्याकडे.
रागवायला हवं होतं. डोळेच भरून आले. चाळीत एवढ्या खोल्या, पण त्याच्या चावीला खिळा एकच.
उद्या सकाळी नवव्या मजल्याचा पंखा आहे, आत दत्ताच जाणार. त्याच्यासमोर मोडायला हवी. त्याचा भरवसाच मोडला, असं समजेल तो...
चावी खिळ्यावरून काढलीय. मुठीत घेऊन बसलोय. शेजारी दत्ताचा रेडिओ चालू आहे.