काजळीचा वास

अण्णा, आज द्वारका चौकातल्या हवा तपासायच्या यंत्रातून आणलेला फिल्टर हातात धरला आणि तुमची आठवण झाली. रडू आलं नाही, हे आधीच सांगून टाकते. काल पांढराशुभ्र बसवलेला, आज काळाकुट्ट. आमच्या प्रयोगशाळेत हे रोजचंच. त्याचा तुकडा द्रावकात बुडवला की काळं काही विरघळत नाही, द्राव तेवढा पिवळसर होतो. काजळीचा कण म्हणजे कार्बनचे अतिबारीक मणी, एकमेकांना चिकटलेले. त्या मण्यांवर बसून येतं अर्धवट जळलेलं डिझेल, तेच हे पिवळं. काळ्यापेक्षा मला त्याचीच भीती वाटते. वाटायची, म्हणजे. आता नुसती वहीत नोंद करते.

सिन्नर फाट्याजवळच्या तुमच्या गॅरेजात ट्रक आला की तुम्ही आधी बॉनेट उघडायचाच नाहीत. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवायचं, काजळी चिमटीत चोळायची आणि थेट नाकाशी न्यायची. "नोझल गेलंय." नाहीतर, "ऑइल खातीय लय." कधी चुकला नाहीत. मालेगावचे ड्रायव्हर खास तुमच्या नाकासाठी थांबायचे. मी दहा-अकरा वर्षांची असेन, तुमची नक्कल करायला जाते तर हातावर फाडकन फटका. "नाकाला नको लावू! तुला काय गाड्या दुरुस्त करायच्यात? तू शीक." म्हणजे तुम्हाला काही कळत होतं की काय, कोण जाणे. आई म्हणायची, तोंडाला फडकं तरी बांधा. तिच्यावर खेकसायचात, "मंग वास काय तुझा बाप घेणार का?"

शेवटी फुप्फुसांनीच नेलं तुम्हाला. दारात बसलेले लोक म्हणत होते, साधी बिडीसुद्धा ओढत नव्हते हो. मी मान हलवत राहिले. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला सरांनी काजळीला काय काय चिकटतं आणि ते छातीत जाऊन काय करतं, सगळं फळ्यावर लिहिलं होतं. त्या संध्याकाळी हात धुता धुता तुम्ही विचारलंत, "काय शिकवलं गं आज?" मी म्हणाले, "काही नाही, नेहमीचंच." त्यानंतर आठ वर्षं तुम्ही वास घेत राहिलात.

तुमच्या मानाला धक्का लावायचा नव्हता म्हणून गप्प बसले, असं मी आईला सांगितलंय. तिला ते पटलंयही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. मानाबिनाचं काही नव्हतं, अण्णा. दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा होती, आणि तुम्हाला समजावत बसायचा मला कंटाळा आला होता.