तिसऱ्याचं अंगण

प्रिय सखे, दूरदेशाहून सप्रेम.

पहाटे दादाची शीळ ऐकू आल्यासारखं वाटलं. आमच्या एका खोलीच्या शाळेत कविता म्हणताना मी अडखळलो, की मागच्या बाकावरून ती हमखास यायची. असो. 'तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही,' असं दोघंही भाऊ बोलून बसलो; त्याला तप उलटलं.

मी खुशाल आहे. तुझा खोकला कसा आहे?

इथे शनिवारी रग्बीची मॅच आहे. दोन्ही देश परके, मैदान तिसऱ्याचंच. आपले चिरंजीव मैदानावर कामाला, दोन्ही संघांच्या खोल्या तेच लावतात. टॉवेलसुद्धा सारखेच हवेत, डावं-उजवं चालत नाही.

मी विचारलं, "आपापल्या घरी का खेळत नाहीत रे?"

"बाबा, तिसऱ्याच्या अंगणात कुणीच यजमान नसतो, कुणीच पाहुणा नसतो."

सूनबाई खुदकन हसली. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

काल माझ्या खोलीत दुसरी खाट आली. चादर, उशी, टॉवेल, सगळं माझ्यासारखंच. तू बॅगेत कानटोप्याही दोन भरल्यास. म्हणजे मागून तूही येणार, आणि आपल्या घराला कुलूप? खरं सांग, तुमचं काय शिजतंय?

थांब, बेल वाजली.

दारात दादा! म्हणतो, "कविता पाठ झाली का रे?" मी अडखळलो, आणि त्यानं शीळ घातली.

दुसरी कानटोपी त्याला बरोबर बसली, लबाडे.

तुझाच.