आत्याचा हक्क

अकोला, ता. ३ फेब्रुवारी १९६३

चि. नत्थू यास बाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इथं सारे खुशाल, तुमची खुशाली कळवजो.

ताराच्या बारशातच तिच्या कपाळाले कुंकू लावून मी तिले माझ्या हरिहरसाठी मागितली होती. भावाच्या पोरीवर आत्याचा हक्क, अन् मी तो सोडणारी नाही. हरिहर जिनिंगमध्ये कारकून झाला, ताराचं ट्रेनिंग कॉलेजही सरत आलं. वैशाखात बार उडवून देऊ. तू काऊन मूग गिळून बसला? मास्तर झाला तर बहिणीलेही जुमानत नाही का?

लोभ असू दे.
तुझी बाई, पार्वता

अमरावती, ता. ११ फेब्रुवारी

ती. बाईस, नत्थूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

गप्प बसलो तो भीतीनं. ताराच्या कॉलेजात नागपूरहून डॉक्टर आले होते. त्यांनी साऱ्या मुलींचं रक्त तपासलं. ताराच्या रक्तात दोष निघाला, त्यातल्या काही पेशी विळ्यासारख्या वाकतात. तिला स्वतःला त्याचा त्रास नाही. पण नवऱ्याचंही रक्त तसंच असलं, तर मूल दुखणाईत निपजू शकतं. अंग पिवळं पडतं, हातपाय सुजतात, हाडं ठणकतात. बाई, ऐकता ऐकता मला तुझी जमुना दिसली. ती गेली तेव्हा आपण नजर लागली म्हणत होतो.

हा दोष आईबापांकडून येतो, आणि घरातल्या घरात लग्नं केली की दोघांत असण्याची भीती वाढते, असं डॉक्टर म्हणाले. हरिहरचं रक्त तपासून घे. रागाव, पण एवढं कर.

भावजींना नमस्कार. लोभ आहेच, तो राहावा.
तुझा नत्थू

अकोला, ता. १६ फेब्रुवारी

चि. नत्थू यास, मन नाही तरी आशीर्वाद.

माझी मेलेली पोरगी मधात काऊन आणली? म्हणजे आमीच तिले मारली, असंच ना? तुह्या भावजीनं पत्र ऐकलं अन् ताटावरून उठले. तेही आपल्या आत्याचेच लेक. तिनंही मले अशीच मागून नेली होती. तुले शिकलेला जवाई पाहिजे असंल तर सरळ सांग, रक्ताचं निमित्त कायले?

हरिहर मात्र नागपूरले जातोच म्हणून राहिला. जाऊ दे. चांगलं निघालं की तुहं तोंड बंद होईल.

पार्वता

अकोला, ता. ९ मार्च

चि. नत्थू यास बाईचे अनेक आशीर्वाद.

हरिहरच्या रक्तातही तेच निघालं. या दोघायचं लेकरू जमुनासारखं निघायची भीती दर खेपेले चारात एक, असं डॉक्टरनं त्याले सांगितलं. मी खूप भांडली. म्हटलं, तीन तर चांगले निघतील. तो म्हणाला, "आई, चौथ्याचे पाय रातभर कोण चोळंल?" जमुनाचे पाय मीच चोळत होती.

हक्क सोडला, नत्थू. लिहिताना रडू येऊन राहिलं. तारा या घरात येणार नाही, हे मनाले पटतच नाही.

आता लोक विचारतील. पोराकडच्यायनं मोडलं म्हटलं की पोरीतच खोट काढतात. म्हणून तू सांगजो का हरिहरच्या रक्तात खोट निघाली अन् लग्न तूच मोडलं. ताराचं नाव जिभेवर येऊ देऊ नको. पुढचं स्थळ आलं की त्या पोराचंही रक्त पाहून घेजो. कोणी काऊन म्हणलं तर म्हणजो, बहिणीच्या पोरावरून भेव बसलं.

हे सारं हरिहरनंच सुचवलं. मी त्याची माय आहे. अशानं त्याले कोणी पोरगी देणार नाही, हे मले समजते. तरी तू सांगजो.

ताराले माझे मुके. लोभ कमी करू नको.
तुझी बाई