गाळलेली नावं

बाबा, तुमच्या भाषांतराची वही अखेर छापायला जातेय. दादाने नागपुरात छापखाना ठरवलाय आणि शेवटचं वाचन माझ्या गळ्यात मारलंय. इथे इंग्लंडात, रीडिंग गावी, ऑफिस, ट्रेन, घर करून माझ्यात तसाही जीव उरत नाही, त्यात हे. पण नाही कशी म्हणणार? वहीतलं अक्षर माझंच आहे ना.

तुमच्या डोळ्यांना तेव्हा बारीक टाईप दिसेनासा झाला होता. मी त्या अमेरिकन बाईचं पुस्तक इंग्रजीतून मोठ्याने वाचायची, तुम्ही डोळे मिटून मराठी सांगायचात, मी उतरवून घ्यायची. शंभरेक वर्षांपूर्वीची ती काळी पत्रकार. जमावाने ठार मारलेल्या आपल्या माणसांची नावं गावोगाव फिरून गोळा करणारी. एकेका शब्दासाठी तुम्ही अडून बसता, आणि मी पंधरा वर्षांची, खाली मैत्रिणी हाका मारताहेत. नुसती चिडचिड व्हायची माझी. मग नावांच्या याद्या आल्या. नावांचं काय भाषांतर करायचं, म्हणून तुम्ही चहा टाकायला उठलात आणि स्वयंपाकघराच्या दारातून वळून म्हणालात, "एकही गाळू नकोस गं. त्या बाईने जिवावर उदार होऊन जमवलीत."

मी याद्यांची सगळी पानं सरळ उलटली, एकही नाव न उतरवता. चहा घेऊन आलात, झाली का सगळी विचारलंत, मी हो म्हटलं. माझ्या कपात तुम्ही साखर जास्त घातली होती, शाबासकी म्हणून.

परवा तुमच्या नातीने शाळेच्या प्रोजेक्टसाठी लायब्ररीतून नेमकं तेच पुस्तक आणलं. मराठी अडखळत वाचते, पण नावं जुळवता येतात तिला. पुस्तक आणि वही शेजारी ठेवून बसली आणि म्हणाली, "आई, आजोबाच्या वहीत हे लोक नाहीये. ते लेझी होता का?"

तेव्हाच खरं सांगायचं ना! पण दिवसभराची दमलेली मी, तोंडातून निघून गेलं, "थकले असतील गं ते." तिला तुमची, कधी न पाहिलेल्या आजोबांची, कीव आली. मला फार लाज वाटली, बाबा. तुम्ही तर साधा स्वल्पविराम सोडला नव्हता.

आज रविवार. सकाळीच ती नावं उतरवायला बसले. खरं सांगू? पहिलं पान संपायच्या आत कंटाळा आला, तेव्हासारखाच. दोनदा फोन पाहिला. शेवटी लेकीला बोलावलं, तू वाच, मी लिहिते म्हटलं. ती एकेक नाव सावकाश वाचत गेली, जेवणाची वेळ टळली तरी उठली नाही. सगळी झाली. आता हे तुम्हाला वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितेय. दादाला पाठवण्याआधी ही पानं फाडून घेईन.

मध्येच ती म्हणाली होती, "आजोबाचा मिस्टेक आपण फिक्स करतोय ना, आई?"

मी नुसतं पुढचं नाव विचारलं.