मशीनच्या पावतीवरचं नाव

बाबा,

दुकानात कार्डाची मशीन घ्यायची ठरवली, तेव्हा सगळ्यांत आधी तुम्हालाच विचारावंसं वाटलं. आता हसू नका. तुमच्या काळात कार्ड म्हणजे रेशनचं, हे मला माहीत आहे. पण प्रश्न कार्डाचा नव्हताच, माणूस पारखायचा होता, आणि आपल्या घरात ते खातं तुमचं. मी आपली वायर ओळखते. कुठली तापते, कुठली आतून तुटली आहे, बोट फिरवून सांगते. पण गोड बोलणारा माणूस काउंटरशी आला की माझी नजर अजून आधी तुमच्या स्टुलाकडेच जाते. स्टूल तिथंच आहे, दाराजवळ. त्यावर मी बॅटरीच्या पाण्याचे कॅन ठेवते. कुणी बसू नये म्हणून ठेवते, असं आई म्हणते. म्हणो बापडी.

तुम्ही गेल्यावर हायवे गावाबाहेरून गेला. नागपूरहून हैदराबादला निघालेल्या ट्रकला आता पांढरकवड्यात मुद्दाम शिरावं लागतं. जुने ड्रायव्हर शिरतात, कारण त्यांच्या गाडीची वायरिंग तुमच्या हातची आहे. पण मालक लोकांनी ड्रायव्हरच्या हाती रोकड देणं बंद केलं, बाबा. एक कार्ड देतात. डिझेल त्यावर, टायर त्यावर, मिस्त्रीचं काम त्यावर. मालकाला घरबसल्या कळतं कुठं काय लागलं ते. माझ्या भिंतीवर फोननं पैसे पाठवायचा क्यूआर चिकटवलेला आहे, पण तो ड्रायव्हरच्या स्वतःच्या खिशाचा, मालकाच्या कार्डाला तो काय कामाचा! दिवाळीनंतर तुमचा एक जुना ड्रायव्हर आला, डायनमो चार्ज करत नव्हता. बोनेट उघडायच्या आधीच त्यानं हात जोडले. "बेटी, काम तो तेरे से ही कराना है, पर मालिक ने कार्ड दिया है." आणि गाडी वळवून बायपासवरच्या मोठ्या वर्कशॉपकडे गेला. मी शटर अर्धं ओढून आत बसले आणि रडले. आधी रागानं, मग नुसतीच. असे आणखी काही गेले तर पुढं शटर पूर्णच ओढावं लागणार होतं, हे मला स्वच्छ दिसत होतं.

म्हणून मशीन देणाऱ्या दोन कंपन्या शोधून काढल्या. एकीचा पोरगेला एजंट स्वतःच दुकानात आला, इस्त्रीचा शर्ट, अत्तराचा घमघमाट, ग्रीसच्या डागाला घाबरून उभाच राहिला. मशीन फुकट, भाडं नाही, रेट सगळ्यांत कमी. दुसरीची यवतमाळच्या ऑफिसातली एक बाई, फक्त फोनवर. तिची मशीन विकत नाही, महिन्याला भाडं, आणि प्रत्येक कामामागं कंपनीचा काप थोडा जास्त. मी विचारत गेले तसतसं तुम्हाला मनात समजावत गेले. कार्ड घासलं की पैसा लगेच आपल्या हाती येत नाही, बाबा, तो आधी कंपनीकडे जातो आणि मग आपल्या खात्यात पडतो. तर कधी पडतो, हे विचारायचं. काम नसेल त्या महिन्यातही भाडं कापतात का, हे विचारायचं. मधेच सोडायची झाली तर काय, हे तर आधी विचारायचं. आणि एक गंमत ऐका. काम झालं नाही अशी तक्रार गिऱ्हाइकानं आपल्या बँकेत केली, तर दिलेला पैसा परत ओढला जातो आणि आपण काम केल्याचं दाखवावं लागतं. हे ऐकून दुकानदार चिडतात म्हणे. मला हसू आलं. तुम्ही तर सेल्फ-स्टार्टर बसवून गाडी आधी पाठवायचे. "जाय, नदीच्या पुलापर्यंत चक्कर मारून ये. चालली तं पैशे दे, नाई तं मले शिव्या दे." एकदा एक जण पुलावरून परत आलाच नाही, तेव्हा आई किती बोलली होती तुम्हाला! तुम्ही आपले भाकर मोडत होता.

तुमची पारखायची रीत मला पाठ आहे. मी सातवीत असेन. बॅटरीची एजन्सी घ्यायची होती आणि दोन कंपन्यांची माणसं फेऱ्या मारत होती. तुम्ही दोघांनाही एकच विचारलं, "तुमची बॅटरी ज्याची बिघडली, अशा एकाचं नाव सांगा." पहिला छाती काढून म्हणाला, आमची बिघडतच नाही. त्याला तुम्ही चहा पाजला आणि वाटेला लावलं. दुसरा म्हातारासा होता. त्यानं डोकं खाजवलं आणि वणीच्या एका ट्रॅक्टरवाल्याचं नाव सांगितलं. तुम्ही रविवारी दुकान बंद ठेवून मला घेऊन एसटीनं वणीला गेला. दुकान बंद! आईला वाटलं तुम्हाला ताप आला. त्या ट्रॅक्टरवाल्यानं अंगणात बाज टाकून दिली आणि तासभर त्या बॅटरीच्या नावानं बोटं मोडली. शेवटी पाणी पिऊन म्हणाला, "पण मानूस सोता आला, बदलून देल्ली." एवढंच ऐकायला तुम्ही गेला होता. परत येताना मी खिडकीशी, तुम्ही माझ्या बाजूला, तुमच्या शर्टाला ॲसिडचा तो वास. तुम्ही म्हणालात, "इकताना सबच गोड बोलतेत, पोरी. बिगडल्यावर फोन कोन उचलते थे पाह्य." आणि बसस्टँडच्या दुकानातून माझ्या मुठीत मावेल अशी लहान पक्कड घेऊन दिली. तिच्या मुठीला सायकलच्या ट्यूबचं रबर तुम्ही रात्री बसून चढवलं. तो वास मला आताही हवा आहे, बाबा. बॅटऱ्या तर दुकानात रोज असतात, पण ॲसिड आणि घाम मिळून जो व्हायचा तो वास त्यांना नाही.

तर मीही दोघांना तेच विचारलं. अत्तरवाला हसला, "मॅडम, आमची मशीन कोणी सोडतच नाही." मला तिथंच कळायला हवं होतं. कळलंही होतं. पण त्याच्या तोंडून पुढं जे निघालं, त्यानं माझी मतीच गेली. काउंटरवरची तुमची फ्रेम त्यानं पाहिली, शॉप ॲक्टच्या लायसनची. तुम्ही गेल्यावर मी ते बदललं नाही. मालकाच्या रकान्यात तुमचंच नाव आहे. दर दसऱ्याला मी पक्कड, मीटर पूजते आणि त्या फ्रेमलाही हळद-कुंकू लावते, काच कुंकवानं पार लाल झाली आहे. तो म्हणाला, "हेच लायसन लावून देतो ना. वडील आहेत-नाहीत कोण पाहते? आधार तुमचं, लायसन यांचं, ॲडजस्ट करून घेऊ. पावतीवर यांचंच नाव येईल."

पावतीवर तुमचं नाव! प्रत्येक कामाला मशीनमधून कागद निघेल आणि खाली मालक म्हणून तुम्ही. ट्रकच्या टपावर बसून ते नाव विजयवाड्याला जाईल, सेलमला जाईल. मला इतका आनंद झाला की त्याचा कमी रेट, फुकट मशीन, सगळं बाजूला राहिलं. मी त्याला नाश्ता मागवला. सकाळी येतो म्हणून गेला तो.

त्याच संध्याकाळी यवतमाळच्या बाईचा फोन आला. कागद कोणते आहेत, विचारलं. मी सांगितले. ती म्हणाली, "ताई, वडील आहेत का?" साधा प्रश्न. एवढी वर्षं झाली आणि मी पुन्हा लायसनचा नंबरच वाचून दाखवू लागले. तिनं समजून घेतलं. म्हणाली, "मग त्यांच्या नावावर नाही होणार. तुमच्या नावानं नोंदणी करून घ्या, मी थांबते." मी तिच्यावर खेकसले. तुम्हाला काय जातं सांगायला, म्हटलं, दुकान त्यांचं आहे, आजही त्यांचंच आहे. फोन आपटला. आई बाजूलाच भाजी निवडत होती. तीही अजून मला रोज विचारते, "त्याईच्या दुकानात चालली का?" आम्ही दोघी अशाच आहोत.

पण तुम्ही काही कमी नाही. मेल्यावरही बोलायचं सोडत नाही. मी दिवा लावत होते आणि मला ती थप्पड आठवली, मला नव्हे, बोनेटवर मारलेली. मी हेडलाइटची वायर नुसती पिळून वर टेप गुंडाळली होती. दिवा लागत होता, मी खूश. तुम्ही सगळ्या ड्रायव्हरांदेखत टेप ओढून काढली आणि बोनेटवर हात आपटला. "वरून टेप लावली का झालं काम? भर घाटात याचा दिवा गेला तं कोनाले हाका मारन, तुले?" मी चार दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. आता त्या अत्तरवाल्याचं बोलणं मी तुमच्या कानांनी ऐकू लागले. आधार माझं, लायसन तुमचं, वरून टेप. उद्या पैसा अडकला तर कंपनी म्हणणार, मालकाला आणा. कुठून आणू मी तुम्हाला? आणता आलं असतं तर मशीनसाठी आणलं असतं का?

सकाळी त्याला नाही म्हटलं. त्यानं मला वेड्यात काढलं, काढो. मग बाईला फोन लावला आणि आधी माफी मागितली, मग तोच प्रश्न टाकला. तुमच्या मशीननं ज्याला त्रास दिला, असा कोणी? ती म्हणाली, "एक आहेत, त्यांना विचारून सांगते." दोन दिवसांनी कळंबच्या गणपती मंदिराजवळच्या एका लॉजवाल्याचा नंबर दिला. मी स्कूटीला किक मारली आणि सरळ गेले, चिंतामणीचं दर्शन न घेता, आई त्यावरूनही बोलली. लॉजवाल्यानं मनसोक्त शिव्या घातल्या. ऐन चतुर्थीला मशीन मेली, खोल्या भरलेल्या, लोक रांगेत. मी विचारलं, मग फोन उचलला का? तो फणकारला, "उचलला ना! त्या बाईनं रात्रीपर्यंत उचलला, दुसरी मशीन पाठवली. पण काप लय घेतेत." मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. गाडी लावून चहाच्या टपरीशी उभी राहिले, तर बाजूला तुम्ही नाही. वणीहून परतताना सांगायला तुम्ही होता. आता कळंबहून परतताना मी कुणाला सांगू, की बाबा, माणूस सापडला?

मग माझ्या नावानं लायसन काढायला सेतू केंद्रात गेले. तिथल्या मुलीनं विचारलं, मालकाचं नाव? मी माझं सांगितलं. दुकानाचं नाव? 'ऑटो इलेक्ट्रिक', तुम्ही ठेवलेलं, तेच ठेवलं. "आणि जुनं बंद करायचं ना?" मी म्हटलं, थांब बाई. बाहेर जाऊन पाणी प्यायले. परत येऊन म्हटलं, कर. तिनं बटण दाबलं. एवढंच. तुमच्या अंत्यविधीला मी रडले नव्हते, पाहुण्यांची व्यवस्था बघत होते. तिथं त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर हमसून हमसून रडले आणि ती मुलगी घाबरून मला फॉर्मची फी परत देऊ लागली.

मशीन आली. चांगली चालते. ट्रकखाली नेऊनही रेंज धरते, ते मी आधी पाहून घेतलं. गेलेले ड्रायव्हर परत येऊ लागलेत. दुकान राहील, बाबा. जुनी फ्रेम मी काढली नाही, नवीन तिच्या बाजूला लावली. हे पत्र कुठं टाकायचं, ते मला ठाऊक नाही, तेव्हा राहील गल्ल्यातच. फक्त कालचं तेवढं सांगते, आईलाही सांगितलं नाही.

काल दुपारी सेलमची एक गाडी आली. ड्रायव्हर पांढऱ्या मिशांचा, बऱ्याच वर्षांनी या रस्त्याला लागलेला. ब्रेकलाइटचं काम होतं. कार्ड दिलं, मशीन वाजली, पावती निघाली. त्यानं चष्मा लावून ती वाचली. "ये नाम किसका है?" मी म्हटलं, माझं. त्यानं दुकानात इकडं-तिकडं पाहिलं. "और मिस्त्री?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "खाना खाने गए हैं."

तो म्हणाला, "अच्छा, फिर मिल के ही जाता हूँ." आणि स्टुलावरचे कॅन खाली ठेवून बसला. मी त्याला खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दोन चहा मागवले आणि त्याच्या शेजारी बसले, आणि तो उठून जाईपर्यंत, बाबा, मीही रस्त्याकडे बघत होते.