मेलपेटीला लाइन हवी

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी अकरा.

फोन कंपनीच्या काउंटरवरच्या बाईला मी तिसऱ्यांदा सांगितलं की माझी लाइन परत जोडा, आणि तिसऱ्यांदा ती म्हणाली की तांब्याच्या तारा काढून टाकल्यात, आता नवीन आलंय. म्हटलं, काढल्यात तर परत घाला. उसवलेलं शिवता येतं. ती म्हणाली, बाई, आता ह्या तारा कुणालाच नको असतात. मला हव्यात ना, मी कुणी नाही का? मागच्या रांगेतला एक गृहस्थ हसला. त्याच्या कोटाचं मधलं बटण नव्हतं. ते त्याला तिथल्या तिथं सांगितलं. मग नाही हसला.

तक्रारीचा नंबर दिला नाही. असल्या लोकांमुळे माणसांची पत्रं अडकून पडतात.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

काल काउंटरवर का गेले ते नीट लिहून ठेवते, उद्या कुणी म्हणायला नको की हिनं वेड घेतलं.

कपाट आवरताना मेलपेटी सापडली. ब्रेडच्या डब्याएवढी, पुढे छोटा पडदा, खाली कीबोर्ड. मागे फोनची वायर खोचली की आपली आपण नंबर फिरवायची, किरकिरायची आणि मेल आणायची. ह्यांनी दोन आणल्या होत्या, एक मला, एक माझ्या थोरल्या बहिणीला. मला चौथीपर्यंतचं शिक्षण, पण इंग्रजी अक्षरांत मराठी मी धडाधड मारायचे.

बारा वर्षांपूर्वी ताईला कोट शिवून दिला. तिनं तो दुसऱ्या टेलरकडे नेऊन कमरेत सैल करून घेतला. माझ्या मापावर दुसऱ्याची कात्री. तरी मोठं मन करून मीच तिला शेवटचं पत्र लिहिलं. चांगलं लिहिलं होतं. तिनं उत्तर दिलं नाही. मग मीही बोलले नाही. मला काय पडलंय?

आता पेटी चालू केली तर कोपऱ्यात लखोट्याचं चित्र लुकलुकतंय. म्हणजे ताईनं उत्तर लिहिलंय आणि ते लाइनीअभावी अडकलंय. एक असेल, दहा असतील.

हे म्हणाले, माझ्या मोबाइलमध्ये तिचा नंबर आहे, लावून देऊ का? एक तारखेला ती मुलीकडे कायमची परदेशी चालली आहे, घर विकलं. म्हटलं, जाऊ दे की. मला फक्त पेटी दुरुस्त करायची आहे. चांगली वस्तू बंद पडू देऊ नये.

८ फेब्रुवारी, शनिवार.

ह्यांच्या ओळखीचा रिटायर लाइनमन आला. तीस वर्षं खांबावर चढला, आता गुडघे धरून बसतो. चहा दोनदा घेतला. म्हणाला, वहिनी, बाहेरची लाइन विसरा, घरातच लाइन करू. एका बंद पडलेल्या दवाखान्याची इंटरकॉमची पेटी त्याच्याकडे पडून आहे. तिच्यात डायल टोन आहे. एका टोकाला मेलपेटी, दुसऱ्या टोकाला जुना मोडेम आणि एक म्हातारा कॉम्प्युटर. मेलपेटी बाविसाला, म्हणजे मोडेमच्या इंटरकॉम नंबराला, फोन करणार, मोडेम उचलणार, कॉम्प्युटर ह्यांच्या मोबाइलमधल्या नेटवरून पुढचं बघणार.

लखोटा बघून म्हणाला, वहिनी, ह्याच्यावरचा बाण बाहेरच्या बाजूला आहे. म्हटलं, तुम्ही त्या बाजूला बसलाय म्हणून. तारांतला माणूस आहे, चित्रातलं त्याला काय कळणार.

मंगळवारपर्यंत चालू. लिहून ठेवते.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

चालू नाही. इंटरकॉमच्या पेटीत झुरळांची अंडी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी.

डायल टोन आला. रिसीव्हर कानाला लावून दहा मिनिटं ऐकला. हे म्हणाले, गाणं आहे का ते? कामाच्या माणसाला कामाचा आवाज गोडच लागतो.

पुढे काही झालं नाही. मोडेम उचलतो, किरकिरतो, बेडकाला चिमटा काढल्यासारखा ओरडतो आणि पडतो. लाइनमन म्हणतो, वेग जास्त आहे, कमी करून बघतो. रविवारी येईन.

दोन गिऱ्हाइकांचे कपडे तसेच पडलेत. त्यांना सांगितलं, मशीन बिघडलंय. खोटं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार.

लाइनमनचे गुडघे सुजले. येत नाही. ठरवलं, आता स्वतः करायचं. त्यात आहे काय? शिवणयंत्राचं सगळं उघडून मी एकटीनं बसवते, एक स्क्रू उरतो, पण चालतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. रात्रीचे नऊ.

सगळं सेटिंग मीच केलं. मोडेमला सांगितलं, फोन आला की उचल. मेलपेटीलाही तेच सांगितलं, म्हणजे ताईचं पत्र आलं तर हुकायला नको. मग कोरा कागद पुढ्यात घेऊन बसले. एक तास. दोन तास. दोन्ही दिवे हिरवे, दोन्ही पेट्या तयार. एकही वाजली नाही.

हे मधेच येऊन म्हणाले, कुणी वाजवणार आहे का? म्हटलं, दोघी तयार आहेत, आणखी काय पाहिजे?

१९ फेब्रुवारी, बुधवार.

लाइनमन काठी टेकत आला. बघितलं आणि खुर्चीत बसून हसला, गुडघा धरून. म्हणाला, वहिनी, दोन्हीकडे उचलायचंच सेटिंग. मग फोन करणार कोण? बसल्या ना दोघी पेट्या वाट बघत. एकीनं आधी नंबर फिरवायचा असतो.

ह्यांनी त्याच्याकडे बघितलं, त्यानं ह्यांच्याकडे. पुरुषांना अशा वेळी एकमेकांकडे बघायची काय सवय असते देव जाणे. मी म्हटलं, हे पेटीच्या चोपडीत लिहिलेलं नाही.

वेग अजून कमी करणार. मोडेमचा चार्जर तापतो, तो बदलायचा.

२३ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ.

लागलं.

मेलपेटीनं बावीस फिरवला. पलीकडे मोडेमनं उचललं. दोघांची चांगली अर्धं मिनिट भांडाभांडी झाली, मग एकदम शांत. पडद्यावर रेघ सरकत गेली. माझे हात खडूनं पांढरे होते, तसेच छातीवर ठेवले, झंपर खराब.

लखोटा लुकलुकायचा थांबला.

लाइनमननं चष्मा चढवून वाचलं. गेलेली एक. आलेली शून्य.

म्हटलं, परत बघा. परत बघितलं. तो म्हणाला, वहिनी, हे तुमचंच पत्र होतं. बारा वर्षांपूर्वी तुम्ही पाठवायचं बटण दाबलं तेव्हा लाइन नसणार. आता लाइन मिळाली, गेलं. मला आठवलं, त्या आठवड्यात रस्ता खोदला होता.

चांगलंच पत्र होतं, म्हटलं, उशिरा का होईना. मग त्यानं ते उघडून मोठ्यानं वाचलं. मी सांगितलं नव्हतं.

तुझी कंबर वाढली तर माझी टेप खोटी कशी. तू लहानपणापासून अशीच, माझ्या हातचं तुला कधी आवडलं नाही. परत मला तोंड दाखवू नकोस. आणि ह्या पत्राला उत्तर पाठवू नकोस.

लाइनमननं चहा अर्धा टाकला आणि गेला.

त्या वेळी मी असं लिहिलं होतं, ह्याची मला आठवण नाही. अक्षर माझं आहे असंही म्हणता येत नाही, टायपिंग आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार.

ताईचा फोन, ह्यांच्या मोबाइलवर, स्पीकर चालू. पत्र तिला मोबाइलमध्येच मिळालं, तिची पेटी कधीच भंगारात गेली. ह्यांच्याकडून कळलं की ती महिन्यातून एकदा ह्यांच्याशी बोलते. बारा वर्षं. घरात बसून माझ्या पाठीमागे. त्याचं नंतर बघते.

आधी तिनं विचारलं, तिची तब्येत बरी आहे ना? ह्यांनी सांगितलं, पत्र जुनं आहे, कालपर्यंत गेलंच नव्हतं. ती म्हणाली, गेलंच नव्हतं, तर मग ती बारा वर्षं कशाच्या उत्तराची वाट बघत बसली होती?

हे फोन हातात धरून माझ्याकडे बघत उभे. काय सांगू, म्हणाले. मी म्हटलं, सांगा, कामात आहे. कामातच होते. दोरा ओवत होते.

२६ फेब्रुवारी, बुधवार. पहाटे.

दोरा काल दिवसभर ओवला गेला नाही. नंबर वाढला असेल डोळ्यांचा.

लाइनमन शुक्रवारी त्याचं सामान न्यायला येणार. मग पेटी परत मुकी. म्हणून आताच लिहिलं, पाठवलं. हा त्याचा उतारा:

ताई. आधीचं पत्र जुनं आहे. त्यातलं कंबरेचं खरं आहे, बाकीचं धरू नकोस. उत्तर पाठवू नकोस असं त्यात आहे, तेही धरू नकोस. शनिवारी तुझं विमान कितीला आहे? मला विमानतळाच्या बाजूला बटणं घ्यायला यायचंच आहे, दुकान सकाळी उघडतं का दुपारी, तुझ्या विमानाप्रमाणे ठरवते. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कळव. बारानंतर पेटी बंद. मोबाइलवर कळवलंस तरी चालेल, ह्यांच्या नाही, माझ्या. नंबर खाली देते. बारा म्हणजे बारा.